जामीन मंजूर झाला, तरी पोरगा कोलवाळच्या तुरुंगातच का?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एका मामांनी विचारलं आहे. भाचा २३ वर्षांचा, म्हापशातल्या एका दुकानात कामाला होता. गल्ल्यातली रोकड आणि दोन मोबाइल मिळून १८ हजारांची चोरी केल्याचा आरोप आहे. याआधी त्याच्यावर एकही गुन्हा नाही. अटकेनंतर ३३व्या दिवशी न्यायदंडाधिकाऱ्यांनी जामीन दिला: २५ हजारांचा पी. आर. बाँड, म्हणजे वैयक्तिक बंधपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार. त्यालाही २४ दिवस झाले, तरी पोरगा आतच आहे. मामा विचारतात, “संसदेने नवा कायदा केला ना? पहिल्यांदा सापडलेल्याला एक तृतीयांश कैद भोगली की सोडतात म्हणे. मग आमच्या पोराला का नाही? आणि छोट्या चोरीला आता तुरुंगाऐवजी समाजसेवा असते, ते खरं का?”

दोन्ही तरतुदी खऱ्या आहेत. पण तुमच्या भाच्याची वाट त्यांनी अडवलेली नाही आणि त्यांच्यामुळे मोकळीही होणार नाही. त्याला जामीन मिळालेला आहे. अडलंय ते जामीनदारापाशी. तुम्ही एक तृतीयांशाच्या हिशोबात अडकलात तर आणखी महिने जातील, म्हणून आधी तो हिशोबच मांडतो.

नोकराने मालकाच्या ताब्यातल्या मालाची चोरी केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३०६ लागतं. जास्तीत जास्त शिक्षा सात वर्षं, म्हणजे ८४ महिने. त्याचा एक तृतीयांश २८ महिने, निम्मा ४२ महिने. भाचा आत आहे ५७ दिवस. म्हणजे ज्या तरतुदीची तुम्ही वाट बघताय ती त्याला दोन वर्षांहून जास्त काळाने लागू होईल. ही तरतूद ज्यांना जामीन मिळालाच नाही, खटला रेंगाळलाय आणि वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही, अशा कच्च्या कैद्यांसाठी आहे.

तरी ती नीट समजून घ्या, कारण बातम्यांत तिचा अर्धाच भाग येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३६-अ होतं, २००५च्या दुरुस्तीने आलेलं: कमाल शिक्षेच्या निम्मी कैद झाली की जामीन. विधी आयोगाने २०१७च्या २६८व्या अहवालात सुचवलं की सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांना ही मुदत एक तृतीयांशावर आणावी. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ने एक तृतीयांश घेतला, पण पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्या आरोपीपुरता. हे दार रुंद झालं. त्याच कलमाने दोन दारं अरुंदही केली. पूर्वी फक्त फाशीचे गुन्हे वगळलेले होते, आता जन्मठेपेचेही वगळले. आणि पोटकलम दोन म्हणतं की एकापेक्षा जास्त गुन्ह्यांत किंवा अनेक प्रकरणांत तपास वा खटला चालू असेल तर या कलमाखाली सोडायचं नाही.

हे पोटकलम दोन मला फार खुपतं. चोरीच्या साध्या प्रकरणातही पोलीस बहुधा दोन-तीन कलमं लावतात. रात्री घुसला म्हणून घरफोडी, माल विकला म्हणून आणखी एक. शब्द अक्षरशः वाचले तर एकाच एफआयआरमधली दोन कलमंसुद्धा ‘एकापेक्षा जास्त गुन्हे’ ठरतात आणि सवलत जाते. आम्ही वकील न्यायालयात मांडतो की एकाच घटनेतल्या अनेक कलमांना हे लावायचं नसतं, नाहीतर कलमाला अर्थच उरत नाही. पण कायद्यात एक शब्द जास्त घातला असता तर हा वाद उभाच राहिला नसता.

तो शब्द संसदेत का घातला गेला नाही? नव्या फौजदारी कायद्यांची तिन्ही विधेयकं लोकसभेत ११ ऑगस्ट २०२३ला आली, गृहखात्याच्या स्थायी समितीकडे गेली. समितीने नोव्हेंबरमध्ये अहवाल दिला, १२ डिसेंबरला सुधारित विधेयकं मांडली गेली, २० डिसेंबरला लोकसभेने आणि २१ला राज्यसभेने आवाजी मतदानाने ती मंजूर केली. १ जुलै २०२४पासून अंमल सुरू झाला. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले होते. कलमाकलमावर उभं राहून ‘एकाच एफआयआरमध्ये दोन कलमं असतील तर काय?’ असं विचारणारी बाकं बरीचशी रिकामी होती. कायदा कुठल्याही पक्षाचा असो, जामिनाचा कायदा असा घाईत होऊ नये. त्यातल्या एकेका शब्दावर माणसांचे महिने अवलंबून असतात.

आणखी एक गोष्ट त्या वेळी व्हायला हवी होती. जुलै २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सतेंदर कुमार अंतिल निकालात केंद्राला सुचवलं होतं की इंग्लंडच्या १९७६च्या कायद्यासारखा जामिनाचा स्वतंत्र कायदा करण्याचा विचार करावा. तसा कायदा आला नाही. जामिनाचं प्रकरण नव्या संहितेत नव्या क्रमांकांनी आलं. कलम ४३७चं ४८० झालं, ४३८चं ४८२, ४३९चं ४८३. काही बदल झाले, पण जामीनदाराची यंत्रणा, म्हणजे कोण चालेल, कुठला चालेल, कागद कोणते, न मिळाल्यास काय, हे जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. तुमचा भाचा नेमका तिथे अडकलाय.

जामीनदार न मिळण्याचं कारण बहुतेक वेळा कागद असतं. न्यायालयाला बघायचं असतं की आरोपी पळाला तर या माणसाकडून २५ हजार वसूल होतील का. त्यासाठी मागतात आधार, रेशनकार्ड, फोटो, पंचायतीची घरपट्टीची पावती, जमिनीचा एक-चौदाचा उतारा किंवा पगाराची स्लिप, कुठे मामलेदाराचा ऐपतीचा दाखला. आता सत्तरीतल्या, पेडण्यातल्या एखाद्या घराचा एक-चौदाचा उतारा काढून बघा. घर तीन पिढ्यांचं, पण मालकाच्या रकान्यात नाव भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं, कारण घरवाला मुंडकार, दुसऱ्याच्या जमिनीत घर असलेला. किंवा जमीन आहे पण रकान्यात आठ नावं, त्यांतली तीन मेलेल्यांची, वाटणी झालेलीच नाही. घरपट्टीची पावती आजोबांच्या नावावर. माणूस सज्जन, गावात शब्दाला मान, पण कागदावर त्याची दमडीची ऐपत दिसत नाही. तो जामीनदार म्हणून उभा राहतो आणि परत पाठवला जातो. कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांत बेळगाव, गदगहून आलेल्या मजुरांचे तर याहून हाल, त्यांना ‘स्थानिक’ माणूसच नसतो.

न्यायाधीशांची बाजूही समजून घ्या. पत्ता पक्का नसलेला आरोपी एकदा निघून गेला की खटला वर्षानुवर्षं पडून राहतो, आणि ज्याची चोरी झाली त्यालाही न्याय मिळत नाही. म्हणून जामीनदार मागणं मुळात चूक नाही. गरिबाला पेलणार नाही अशी अट घालणं चूक आहे, आणि ते १९७८पासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलंय. मोतीराम प्रकरणात एका गवंड्याला १० हजारांचा जामीनदार मागितला होता आणि भाऊ जामीनदार म्हणून आला तर तो दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं. आज कलम ४८४ हेच म्हणतं: रक्कम परिस्थिती बघून ठरवावी, ती बेसुमार नसावी, आणि उच्च न्यायालय वा सत्र न्यायालय ती कमी करू शकतं.

तुमच्या हातातलं सगळ्यात उपयोगी हत्यार ३१ जानेवारी २०२३चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आहेत. ते जामीन मिळूनही आत राहणाऱ्यांसाठीच दिलेले आहेत. जामिनाचा आदेश झाला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्याची प्रत तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला ईमेलने पोचायला हवी. सात दिवसांत तो सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं; सचिव कैद्याशी बोलायला स्वयंसेवक किंवा वकील पाठवू शकतात आणि कुटुंबाच्या आर्थिक स्थितीचा अहवाल करून न्यायालयासमोर ठेवू शकतात. ‘बाहेर आल्यावर जामीनदार आणतो’ असं आरोपीने म्हटलं तर न्यायालय ठरावीक मुदतीचा तात्पुरता जामीन देऊ शकतं. महिन्याभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही तर न्यायालय स्वतःहून अटी बदलण्याचा विचार करू शकतं. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह सुटकेला उशीर लावतो, म्हणून अशा प्रकरणांत ती अट घालू नये असंही सुचवलं आहे.

तुमचे २४ दिवस झालेत. म्हणजे सात दिवसांची मुदत कधीच उलटली. महिना भरायची वाट बघत बसू नका. ‘स्वतःहून’ होणाऱ्या गोष्टी कागद पुढे ठेवल्याशिवाय क्वचितच होतात. ज्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी जामीन दिला त्यांच्यापुढेच अट बदलण्याचा अर्ज करा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे.

अर्जात एकच मागणी करू नका, उतरत्या क्रमाने पर्याय द्या. पहिली मागणी: फक्त वैयक्तिक बंधपत्रावर सोडावं. ती नाही जमली तर: जामीनदार बार्देशाऐवजी (म्हापशाच्या तालुक्याऐवजी) सत्तरीचा चालावा आणि उताऱ्याऐवजी घरपट्टी नि पगाराची स्लिप ग्राह्य धरावी. तीही नाही तर: जामीनदाराऐवजी कलम ४९०च्या आधाराने झेपेल एवढी रोख, समजा पाच हजार, भरून घ्यावी. आणि शेवटी: जामीनदार आणायला चार आठवड्यांचा तात्पुरता जामीन द्यावा. न्यायाधीशांना पहिली मागणी धोक्याची वाटली तरी त्यांच्यापुढे तीन रस्ते उरतात. एकच मागणी ठेवली तर ‘नामंजूर’ एवढाच शेरा मिळतो.

अर्जासोबत काय लावायचं? जामिनाच्या आदेशाची प्रत. तुरुंगाचा कोठडी दाखला, त्यात आत आल्याची तारीख स्पष्ट हवी. पंचायतीचा रहिवासी दाखला, आईवडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड. जो जामीनदार परत पाठवला गेला त्याचं साधं प्रतिज्ञापत्र: मी अमुक तारखेला आलो, हे कागद आणले, या कारणाने ते चालले नाहीत. हा शेवटचा कागद लोक लावत नाहीत, आणि त्याच कागदाने दिसतं की कुटुंबाने प्रयत्न केला होता. रोख भरायची वेळ आली तर पावतीवर पैसे भरणाऱ्याचं नाव येतंय ना ते बघा. खटला संपल्यावर परतावा मागताना पावती आणि अर्जदार जुळले नाहीत की पैसे अडकतात.

न्यायदंडाधिकाऱ्यांनी नकार दिला तर सत्र न्यायालय: रक्कम कमी करायला कलम ४८४, अट बदलायला ४८३. त्यापुढे पर्वरीचं उच्च न्यायालय. पण या प्रकारात प्रकरण तिथवर क्वचितच जातं, अर्ज नीट लिहिलेला असेल तर.

पैशांसाठी केंद्राची २०२३पासूनची गरीब कैद्यांना मदतीची योजना आहे. सुरुवातीच्या मार्गदर्शक सूचनांत कच्च्या कैद्याला ४० हजारांपर्यंतची सोय होती. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, अमली पदार्थ, यूएपीए यांतल्या आरोपींना ती मिळत नाही. भाच्याचं प्रकरण त्यात बसतं. रस्ता तोच, विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडून जिल्हा समितीकडे. ज्याच्याकडे माणूस आहे पण पैसा नाही त्याला ही योजना खरंच कामाला येते. तुमची अडचण वेगळी आहे, माणसं आहेत आणि कागद नाहीत, म्हणून अट बदलण्याचा अर्ज आधी.

एक ठाम इशारा. न्यायालयाच्या आवारात ‘जामीनदार मिळवून देतो’ म्हणून तीन-चार हजार मागणारा कोणी भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. कलम ४८६प्रमाणे जामीनदाराला आपण आणखी किती जणांसाठी जामीन राहिलोय ते लिहून द्यावं लागतं. भाडोत्री जामीनदार तिथे खोटं लिहितो, उतारे दुसऱ्याचे असतात. ते उघडं पडलं तर भाच्याचा जामीन तर जाईलच, वर नवा गुन्हा लागेल. मग तो ‘एकच प्रकरण’ असलेला आरोपी राहणार नाही.

जो नातेवाईक जामीन राहील त्यालाही खरं सांगा. भाचा तारखेला आला नाही तर कलम ४९१खाली त्याला नोटीस येईल आणि २५ हजार भरावे लागू शकतात. मात्र न्यायालय त्यातला काही भाग माफ करू शकतं, आणि भरवसा उडाला तर कलम ४८९प्रमाणे तो कधीही अर्ज करून मोकळा होऊ शकतो. हे माहीत नसतं म्हणून चांगली माणसं घाबरून नाही म्हणतात.

आता तारखेचा एक मुद्दा, आणि तो तातडीचा आहे. कमाल सात वर्षांच्या गुन्ह्यात पोलिसांनी आरोपपत्र ६० दिवसांत दाखल करायचं असतं, पहिल्या रिमांडचा दिवस धरून. तुमचे ५७ झाले. उद्याच वकिलाला न्यायालयात विचारू दे, आरोपपत्र आलंय का. ६० दिवस पूर्ण झाले आणि ते आलेलं नसेल तर कलम १८७(३)प्रमाणे जामिनाचा हक्क तयार होतो. पण अर्ज आरोपपत्र येण्याआधी पडला पाहिजे. एक दिवस उशीर झाला आणि सकाळी आरोपपत्र दाखल झालं तर हक्क संपला. तिथेही जामीनपत्र भरावंच लागतं, पण अटी नव्याने ठरतात आणि त्या जड नसाव्यात हे मांडायला बळ मिळतं.

शिक्षेच्या प्रश्नाकडे येतो. समाजसेवेची शिक्षा नव्या न्याय संहितेत मोजक्या सहा गुन्ह्यांना आहे. चोरीत ती फक्त साध्या चोरीच्या कलम ३०३(२)ला, माल पाच हजारांहून कमी, पहिलाच गुन्हा आणि माल परत केलेला असेल तेव्हा. तुमचा माल १८ हजारांचा आणि कलम ३०६, तेव्हा ती मिळणार नाही. विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात समाजसेवा म्हणजे काय याची व्याख्याही नव्हती. स्थायी समितीने ते दाखवल्यावर डिसेंबरच्या मसुद्यात आली: समाजाच्या फायद्याचं, बिनमोबदला काम. किती तास, कुठे, कोणाच्या देखरेखीखाली, हे व्याख्येत नाही.

पण तुमच्यासाठी याहून मोठी तरतूद शेजारीच पडलेली आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. नव्या प्रक्रिया संहितेच्या कलम २८३मध्ये २० हजारांपर्यंतच्या चोरीचा खटला संक्षिप्त पद्धतीने चालवायचा आहे, आणि त्यात कलम ३०६ची चोरीही येते. जुनी मर्यादा दोन हजारांची होती. संक्षिप्त खटल्यात कलम २८५प्रमाणे तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद देताच येत नाही. बघा काय होतंय: दोषी ठरला तरी जास्तीत जास्त तीन महिने, आणि जवळजवळ दोन महिने आतच गेले, त्यातले २४ दिवस निव्वळ जामीनदाराच्या कागदापायी. खटला चालू असताना दंडाधिकारी पद्धत बदलू शकतात, हे खरं. तरी अट बदलण्याच्या अर्जात हा हिशोब पहिल्याच परिच्छेदात लिहा. पंचनाम्यात मालाची किंमत किती धरलीय ते तपासा. दोन जुन्या मोबाइलची किंमत नव्याच्या भावाने लावून आकडा २० हजारांच्या वर नेला असेल तर आत्ताच हरकत घ्या.

शिक्षा झालीच तर कलम ४६८प्रमाणे आतले दिवस त्यातून वजा होतात. आणि १९५८च्या परिवीक्षा कायद्याखाली, पहिला गुन्हा म्हणून, समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची मागणी करा. कोणी सांगेल, ‘गुन्हा कबूल कर, सुटशील’. नव्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला प्ली बार्गेनिंगमध्ये शिक्षा एक षष्ठांशावर येऊ शकते, खरं आहे. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. पुढे कधी काही झालं तर ‘पहिला गुन्हा’ ही ढाल गेलेली असेल, नोकरीसाठी पोलिसांच्या दाखल्यातही अडचण येईल. तेवीस वर्षांच्या मुलाने तुरुंगाचा कंटाळा आला म्हणून हे करू नये. पुरावा वाचून, वकिलाशी बोलून, बाहेर राहून ठरवावं.

कधीतरी एखाद्या दुसऱ्या कैद्यासाठी कलम ४७९ वापरायची वेळ आली तर एक बारकावा लक्षात ठेवा. नव्या संहितेने व्याख्या दिलीय: ‘बाँड’ म्हणजे जामीनदाराशिवायची हमी, ‘बेल बाँड’ म्हणजे जामीनदारासह. आणि एक तृतीयांशवाल्याला ‘बाँड’वर सोडावं असं लिहिलंय. म्हणजे तिथे जामीनदार मागायचा तर सरकारी वकिलांना ऐकून न्यायालयाला लेखी कारण द्यावं लागतं. अधीक्षकांनी स्वतःहून अर्ज करणंही बंधनकारक आहे, आणि २३ ऑगस्ट २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की १ जुलै २०२४च्या आधीच्या प्रकरणांनाही हे लागू आहे. हीच भाषा संसदेने प्रत्येक छोट्या गुन्ह्याच्या जामिनाला लावली असती तर तुमचा भाचा आज घरी असता.

अट बदलली आणि आदेश निघाला, तरी त्या दिवशी एक काम राहतंच. सुटकेच्या आदेशावरचं नाव, वडिलांचं नाव आणि खटल्याचा क्रमांक तुरुंगाच्या नोंदीशी अक्षर न् अक्षर जुळतोय ना ते न्यायालयाच्या कारकुनासमोरच बघा. आपल्याकडे इंग्रजीत गावकर दोन तऱ्हांनी लिहितात, नाईक तीन तऱ्हांनी; आधारवर एक, एफआयआरमध्ये दुसरं. असा आदेश कोलवाळच्या फाटकावरून परत येतो आणि दुरुस्तीत शनिवार-रविवार जातो. म्हणून आदेश शक्यतो दुपारच्या आत तुरुंगात पोचेल असं बघा, आणि आणायला जाणाऱ्याने भाच्याचं मूळ आधारकार्ड सोबत न्यावं.